खिशात एक डाइम असू द्या

डोक्यावरची टोपी नीट बसवा. इथे बोडक्या डोक्याने हिंडणारा माणूस लगेच नजरेत भरतो. कोट खरखरीत लोकरीचा आहे, मानेला टोचेल, पण काढू नका. एप्रिल सरत आला तरी सावलीत गेलं की वारा झोंबतो. आता उजव्या खिशात हात घाला. तळाशी एक बारीक, गार नाणं लागलं? अंगठ्याच्या नखाहून थोडंसंच मोठं? तो डाइम. चांदीचे दहा सेंट. मुठीत धरून ठेवा, आजची सगळी वारी त्याच्या जिवावर आहे.

अट एकच. परत येताना इथलं काही बरोबर आणायचं नाही. काही म्हणजे काही नाही. आत्ता तुम्ही पटकन मान डोलावताय. तासाभराने हीच अट जड जाईल.

चला, १९३८.

आधी आवाज येतो. आवाज कसला, डोक्यावर पत्र्याचं छप्परच कोसळतंय असं वाटतं. खाली बसू नका, गाडी आहे ती! न्यूयॉर्कच्या या ॲलन स्ट्रीटवर लोखंडी खांब रोवून वर रूळ टाकलेत आणि थोड्या थोड्या वेळाने लाकडी डब्यांची गाडी त्यावरून धडधडत जाते. इथले लोक तिला नुसतं ‘एल’ म्हणतात. पायाखालचे दगड थरथरतात, दातांत कंप येतो, वरून काळपट भुकटी गळते आणि जिभेवर गंजाची चव उतरते. भर दुपारी रस्ता अंधारलेला. रुळांच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडतं आणि त्यातून चालणारी माणसं क्षणात उजळतात, क्षणात विझतात. बोलणारे लोक गाडी आली की वाक्य अर्ध्यावर सोडतात, थांबतात आणि ती गेली की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतात. थोड्या वेळाने तुम्हीही तेच करू लागाल.

शेजारची गल्ली ऑर्चर्ड स्ट्रीट. आज रविवार. काल शब्बाथची सुट्टी पाळून गप्प बसलेली ही ज्यू वस्ती आज दुप्पट जोराने उघडली आहे. रस्ता दिसतच नाही, दिसतात त्या हातगाड्या, एकीला एक चिकटून. मोजे, बटणं, जुने चष्मे, पितळी दिव्यांच्या वाती, पोत्यावर ओतलेले बूट. पिंपांतून मिठाच्या पाण्यात मुरलेल्या काकड्यांचा आंबट वास येतो, त्याच्या पाठोपाठ खारवलेल्या मासळीचा, मग घोड्याच्या लिदीचा, मग कोळशाच्या धुराचा. भाषा यिडिश, एक अक्षर कळणार नाही, पण घासाघीस मात्र पूर्ण कळते: बाई पाठ फिरवून दोन पावलं जाते, गाडीवाला छातीवर हात ठेवून काहीतरी कळवळून म्हणतो, बाई तिसरं पाऊल टाकते, आणि सौदा होतो.

कोपऱ्यावर एक म्हातारा डब्याचं झाकण उघडतो आणि वाफेचा लोट तुमच्या तोंडावर येतो. ओळखीचा वास आहे ना? उकडलेले काबुली चणे, वर मीठ आणि मिरपूड, कागदाच्या पुडीत. पोटात कालवाकालव होईल. पण डाइम मोडायचा नाही, सांगून ठेवतो.

ते कोपऱ्यावरचं चिंचोळं दुकान दिसतंय? त्याला इथे कँडी स्टोअर म्हणतात. नाव गोळ्यांचं, पण आळीचा अर्धा कारभार तिथून चालतो. आत संगमरवरी फळी, तिच्यावर सोड्याचे नळ. नळ ओढला की फस्स करून पेल्यात पांढरा फेस चढतो. साधा सोडा दोन सेंट. त्यात दूध आणि चॉकलेटचा पाक घातला की त्याला ‘एग क्रीम’ म्हणतात. त्यात अंडंही नसतं आणि सायही नसते, नाव का पडलं ते इथल्या कोणालाही विचारा, प्रत्येकजण वेगळी कहाणी सांगेल. हवेत सिगारचा धूर, व्हॅनिलाचा वास आणि ओल्या लोकरीचा कुबटपणा. मागे टेलिफोनची लाकडी खोली. या चाळींत घरोघरी फोन कुठले? सगळ्या आळीचा फोन इथेच वाजतो. वाजला की दुकानदार दारात घुटमळणाऱ्या एखाद्या पोराला पिटाळतो, ते पाच मजले धापा टाकत चढतं, दार ठोठावतं, आणि खाली आलेला माणूस बोलणं झालं की त्याच्या हातावर सेंट-दोन सेंट ठेवतो.

तसाच एक मुलगा आता तुमच्या शेजारी येऊन उभा राहिला आहे. दहा-अकरा वर्षांचा असेल. गुडघ्याखाली बांधलेली विजार, एक मोजा घसरलेला, कोपरावर सुकलेली खपली. मुठीतून त्याने तांब्याची नाणी काढली आहेत आणि तो ती ओठ हलवत मोजतोय. काही फोनच्या निरोपांची, काही सोड्याच्या रिकाम्या बाटल्या परत केल्याची. बाटलीमागे दोन सेंट मिळतात. नऊ, दहा. दहा सेंट म्हणजे पाच पेले सोडा, किंवा सबवेच्या दोन फेऱ्या. मोठी रक्कम आहे, खर्च करताना त्याच्या कपाळाला आठी पडली तर हसू नका.

दाराबाहेर लाकडी मांडणी. वरच्या फळीवर जाडजूड खरखरीत मासिकं: गुप्तहेर, बंदुका, किंचाळणाऱ्या बायका. खाली कॉमिक्स. बहुतेकांत वर्तमानपत्रांत आधी येऊन गेलेल्या चित्रमालिकाच पुन्हा छापलेल्या असतात आणि मुलांना ते चांगलं ठाऊक आहे. मुलगा एक उचलतो, ठेवतो. दुसरं उचलतो. तुमचे डोळे मात्र केव्हाच तिसऱ्यावर खिळलेत.

पिवळं मुखपृष्ठ. निळ्या घट्ट पोशाखातला, लाल झुलीचा एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतोय. चाक निखळून पडलंय. माणसं पळतायत आणि अगदी पुढच्या कोपऱ्यातला एकजण दोन्ही हातांनी डोकं धरून थेट तुमच्याकडे बघत ओरडतोय. वर लाल अक्षरांत ‘ॲक्शन कॉमिक्स’, क्रमांक १, जून, १० सेंट. महिना जूनचा आहे म्हणून गोंधळू नका, मांडणीवर अंक जास्त दिवस टिकावा म्हणून पुढची तारीख घालतात.

आता नीट बघा, काय नाहीये? त्या माणसाचं नाव नाहीये. मुखपृष्ठावर कुठेही ‘सुपरमॅन’ हा शब्द नाही. मोटार उचलणारा हा इसम चांगला की वाईट, हेसुद्धा इथे कोणाला माहीत नाही. या मुलाला तर तो भामटाच वाटतोय, त्याच्या चेहऱ्यावर दिसतंय.

ओरडू नका. त्याला कोपराने ढोसू नका. त्याला त्याचं ठरवू द्या.

तो अंक उघडतो आणि पानं भराभर उलटतो. आत एकच गोष्ट नाही हे त्याला बघायचंय. ६४ पानं. सुरुवातीला निळ्या पोशाखवाला, मग एक काउबॉय, मग उंच टोपीतला जादूगार, मार्को पोलोचा प्रवास, एक मुष्टियोद्धा, एक बातमीदार, हातचलाखी करणारा विनोदी चोर, दोन पानं नुसत्या मजकुराची गोष्ट, शेवटाकडे धाडसी टेक्स थॉमसन. आपण दिवाळी अंक विकत घेताना अनुक्रमणिकेवर बोट फिरवतो ना, हा आवडला नाही तर तो आहेच, तसाच त्याचा हिशेब चालला आहे. सुपरमॅन अशाच अंकातून येऊ शकला, असं माझं पक्कं मत आहे. कुणीही ओळखत नसलेल्या वीराचं स्वतंत्र पुस्तक काढायला कोणता प्रकाशक धजावला असता? पण भरल्या पंगतीत एखादा नवा पदार्थ वाढून बघता येतो.

“हे वाचनालय नाही!” आतून दुकानदार ओरडतो. मुलगा दचकतो आणि दहा नाणी फळीवर ओततो. तांब्याचा खणखणाट. हुश्श.

आता तुम्ही. तुमचा डाइम द्या आणि दुसरी प्रत घ्या. अलगद. सवयीने मधोमध दुमडू नका. नाकाजवळ न्या: ओलसर लाकडासारखा वर्तमानपत्री कागदाचा वास आणि त्यावर शाईचा उग्र, तेलकट दर्प. आजच्या कॉमिकपेक्षा रुंदीला मोठं, अंगाने मऊ. मध्ये दोन पिना. तुमच्या हातात जे आहे त्याच्या एका प्रतीला २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलर मिळाले. जगात आता शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असं जाणकार मानतात. आणि शेजारी बघा: मुलाने त्याची प्रत गुंडाळी करून विजारीच्या मागच्या खिशात खुपसली आहे.

मी म्हटलं नव्हतं का, अट जड जाईल?

त्याच्या मागे जिना चढा. जिन्यात कोबीचा वास आणि अंधार, प्रत्येक मजल्यावर सामायिक संडास, कठडा हातांनी झिजून गुळगुळीत. गच्चीवर आलात की एकदम आकाश. डांबर उन्हाने तापून मऊ झालंय, बुटाला चिकटतं. दोऱ्यांवर चादरी फडफडतायत, पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी शीळ घालून कबुतरं उडवतंय. उत्तरेला एम्पायर स्टेट बिल्डिंग. खालून झाडूच्या दांडक्याने चेंडू टोलवणाऱ्या पोरांचा गलका येतोय. चिमणीला पाठ लावून मुलगा बसतो, तुम्हीही बसा. इथे एकट्याने कॉमिक वाचायची रीतच नाही.

पहिलं पान. मरणाऱ्या ग्रहावरून एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला यानात घालून पृथ्वीकडे सोडतो. अनाथालयात ते बाळ खुर्ची डोक्यावर उचलतं. मोठा झाल्यावर हा माणूस एक अष्टमांश मैल उडी मारतो, वीस मजली इमारत ओलांडतो, एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात पळतो. उडत नाही हं, अजून नाही, नुसत्या उड्या मारतो. का जमतं, तर मुंगी आपल्या वजनाच्या किती तरी पट ओझं उचलतेच की, नाकतोडा केवढी उडी मारतो! मुलगा समोरच्या इमारतीचे मजले बोटाने मोजतो. सहा. त्यावर तसलीच दुसरी, मग तिसरी, मग आणखी थोडी. तेवढ्यात खाली ‘एल’ धडधडत जाते आणि तो कठड्यावरून वाकून तिच्याकडे असा बघतो, जणू शर्यत लागली आहे.

एका पानात सगळं जन्मवृत्त संपतं आणि पुढच्या चौकटीत सुपरमॅन एका बांधलेल्या बाईला काखोटीला मारून रात्रीतून धावतोय. कोण ही बाई? गोष्ट मधूनच सुरू झाली आहे. चौकटी नीट बघाल तर बहुतेक सारख्या मापाच्या दिसतील. वर्तमानपत्रासाठी काढलेल्या पट्ट्या कातरीने कापून डिंकाने पानांवर बसवल्या आहेत, घाईघाईने. मुलाला त्याचं काही नाही. सुपरमॅन राज्यपालांच्या शयनगृहाचं पोलादी दार कसं मोडतो ते त्याला बघायचंय. एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीत बसवायला थोडीच मिनिटं उरली आहेत.

मग एक चौकट येते आणि तो पान उलटायचं थांबतो. एका घरात नवरा बायकोला मारतोय. सुपरमॅन दारात येतो, त्या माणसाला भिंतीवर भिरकावतो. माणूस सुरी काढतो, सुरीचं पातं सुपरमॅनच्या अंगावर मोडतं, माणूस बेशुद्ध पडतो.

या चाळींच्या मधोमध हवेसाठी एक अरुंद, काळी पोकळी असते. तिच्यातून सगळ्यांचं सगळं ऐकू येतं: रडणारी मुलं, व्हायोलिनचा रियाज, भांडी, आणि रात्री दुसरंही काही. कुणीच कुणाचं दार ठोठावत नाही. मुलगा त्या चौकटीवर बोट ठेवून बसून राहतो. तुम्ही काही बोलू नका.

पुढे भित्रा बातमीदार क्लार्क केंट आहे, त्याला झिडकारणारी लोइस लेन आहे, तिला पळवणारे गुंड आहेत आणि मुखपृष्ठावरची ती हिरवी मोटार आहे. “अरे, हा तर चांगला माणूस आहे!” मुलगा ओरडतो. शेवटी सुपरमॅन एका दलालाला उचलून विजेच्या-टेलिफोनच्या तारांवरून पळतो, आणि तेराव्या पानावर गोष्ट अधांतरी तुटते. पुढील अंकी.

जरा डोळे मिटा, एक क्षणभर दुसरीकडे जाऊ. गच्चीची ऊब गेली. क्लीव्हलंड, काही हिवाळे आधीचं. बिनशेगडीच्या खोलीत एक तरुण दोन-तीन स्वेटर आणि हातमोजे चढवून चित्रं काढतोय, डोळे कागदाला टेकवून, कारण त्याला नीट दिसत नाही. हा सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टर. मांडीवरची फळी आईची, शब्बाथच्या पावाची कणीक मळायची. शुक्रवारी ती परत द्यावी लागते आणि काम बंद पडतं. कधी कागद नाही म्हणून खाकी वेष्टनावर काढतो. शेजारी येरझाऱ्या घालत गोष्ट सांगणारा त्याचा शाळासोबती जेरी सिगेल. त्याचे वडील जुन्या कपड्यांचं दुकान चालवायचे; दुकान लुटलं जात असताना ते कोसळले आणि गेले. गोळी ज्याला लागत नाही असा माणूस पोराने रचला, त्यामागे ती रात्र होती की नव्हती, हे कोण सांगणार? मला मात्र ती रात्र विसरता येत नाही. वर्षानुवर्षं हा सुपरमॅन ठिकठिकाणांहून नाकारला गेला. शेवटी ‘ॲक्शन’चा पहिला अंक भरायला मजकूर हवा होता म्हणून व्हिन सलिव्हन या संपादकाने तो घेतला. १३ पानं, पानाला १० डॉलर. १३० डॉलर हातात पडले आणि त्याबरोबर सुपरमॅनवरचे सगळे हक्क गेले. दोघे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. हा व्यवहार आठवला की मला अजून वाईट वाटतं.

परत या. डांबर, कबुतरं, चादरी.

मुलगा थांबलेला नाही. काउबॉय वाचून तो आता जादूगार झटाराच्या पानांवर आहे. उंच टोपी, मिशी, सोबत धिप्पाड साथीदार. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत मँड्रेक वाचलेल्या तुम्हाला हा झटकन ओळखीचा वाटेल, आणि बरोबर आहे. मँड्रेक तेव्हा अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत रोज येत होता आणि त्याची सावली अशी सगळीकडे पडत होती.

“कुठली गोष्ट आवडली?” विचारा त्याला. विचाराच.

तो विचार करतो. “जादूगाराची.” थोडं थांबून: “आणि ती पहिली.”

तुम्हाला त्याला हलवून सांगावंसं वाटतंय ना? की थोड्याच महिन्यांत आळीआळीची पोरं दुकानदाराकडे अंकाचं नाव न घेता ‘तो सुपरमॅनवाला’ मागतील, आणि तेव्हा कुठे प्रकाशकाच्या लक्षात येईल की आपल्या हाती काय लागलंय. दुसऱ्या अंकापासून सहाव्यापर्यंत सुपरमॅन मुखपृष्ठावर नव्हताच! साधारण वर्षभरात त्याच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक निघेल, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या भावंडात वटवाघळाच्या पोशाखातला एकजण अवतरेल, आणि शहरातला प्रत्येक प्रकाशक आपल्या संमिश्र अंकाच्या पहिल्या पानांसाठी झुलीवाला वीर शोधत सुटेल. काउबॉय, मुष्टियोद्धे आणि मार्को पोलो हळूहळू मागच्या पानांवर सरकतील. पण आज, या गच्चीवर, सगळे एकाच पंगतीत बसलेत आणि जादूगार एक पाऊल पुढे आहे. मला हा क्षण फार आवडतो.

मुलगा खिशातून टिनची डबी काढतो. आत मेणाचे रंगीत खडू, निम्मे मोडलेले. तो काउबॉयच्या गोष्टीचं पहिलं पान उघडतो. या अंकात सगळीच पानं रंगीत नाहीत. चक डॉसनचं हे पान काळं-पांढरं आहे आणि त्यावर स्पर्धा आहे. पान रंगवा, फाडा आणि टपालाने पाठवा. सर्वांत चांगल्या २५ जणांना एकेक डॉलर. एक डॉलर म्हणजे दहा कॉमिक्स!

तो जीभ बाहेर काढून रंगवतो. आकाश निळं, जमीन पिवळी. खडूचा गोडसर मेणाचा वास. मग पिनांपाशी बोट दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने पान ओढतो. टर्रर्र. तुमच्या पोटात खड्डा पडला, मला कळलं. श्वास घ्या.

तो पान उन्हात धरून बघतो आणि नाक मुरडतो. डॉसनचा शर्ट रेषेबाहेर गेलाय. त्याची नजर तुमच्या मांडीवरच्या कोऱ्या प्रतीवर जाते, मग तुमच्याकडे, मग पुन्हा प्रतीवर.

“तुमचं पान तुम्ही पाठवणार आहात का?”

अट आठवते ना? इथलं काही न्यायचं नाही. त्याच्यापुढे अंक सरकवा. तो हरखतो, पान शोधतो, गुडघ्यावर सपाट करतो आणि डबी तुमच्यासमोर धरतो.

“शर्ट तुम्ही रंगवा. रेषेच्या आत हं. लाल संपलाय.”

हिरवा घ्या. त्याचं टोक अजून शाबूत आहे.